टोपणनाव जरूर घ्या, जात मात्र चोरू नका

चळवळीत सध्या एक नवा वाद रंगला आहे. हातात मोबाइल आल्यापासून आमची तरुण मुले-मुली भरपूर लिहू लागली आहेत. अत्याचाराच्या बातम्या, शिष्यवृत्तीचे घोळ, बुद्धविचार, कविता, राजकारण असा कोणताच विषय त्यांनी सोडलेला नाही. पण यातले कितीतरी जण स्वतःच्या नावाने लिहीत नाहीत. कोणी ‘नागवंशी’ होतो, कोणी ‘भीमकन्या’, तर कोणी नुसती दोन अक्षरे लावतो. त्यावर आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की, ज्याला स्वतःच्या नावाने लिहिण्याची हिंमत नाही त्याने लिहूच नये. बाबासाहेबांनी आम्हाला ताठ मानेने जगायला शिकवले, तोंड लपवायला नाही, असे हे ज्येष्ठ व्यासपीठावरून सांगतात आणि टाळ्याही घेतात.

ज्येष्ठांचा आदर राखूनही आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. मान्य नसण्याचे पहिले कारण खुद्द बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. दरवर्षी त्या दिवशी आम्ही कार्यक्रम घेतो, भाषणे करतो, पत्रकारांचे सत्कार करतो. पण त्या अंकावर संपादक म्हणून नाव कोणाचे होते, असा प्रश्न एखाद्या कार्यक्रमात विचारून पाहा. शंभरातले नव्वद लोक बाबासाहेबांचेच नाव सांगतील. वस्तुस्थिती अशी की, संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे आणि अग्रलेख लिहीत होते बाबासाहेब. असे का झाले? कारण बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कॉलेज सरकारी, पगार सरकारी. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे तर त्या पगारातून पैसा बाजूला टाकणे भाग होते. अशा माणसाने सरकारवर आणि समाजावर कोरडे ओढणारे पाक्षिक स्वतःच्या नावाने काढले असते तर काय झाले असते, हे सांगायला वकील लागत नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, पण पहिला अंक निघाला तेव्हा ते नोकरीत होते.

पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हा मात्र संपादक म्हणून स्वतः बाबासाहेबांचे नाव झळकले. आता ते बॅरिस्टर होते, स्वतःची वकिली करत होते, सरकारी नोकरीत नव्हते. माणूस तोच, लेखणी तीच, धारही तीच. १९२० मध्ये हिंमत कमी होती आणि १९२७ मध्ये वाढली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? फरक हिंमतीचा नव्हता, भाकरी कोणाच्या हातात आहे याचा होता. आज पडद्याआडून लिहिणाऱ्या पोरांना भित्रे म्हणणाऱ्यांनी आधी हा सात वर्षांचा फरक नीट वाचावा.

आणि भटकरांचे काय? तेव्हाच्या १८६७ च्या छापखाना कायद्याप्रमाणे वृत्तपत्राला कोणाचे तरी नाव द्यावेच लागे. खटला झाला तर तो त्या नावाच्या माणसावर. म्हणजे लिहिणारा पडद्याआड राहू शकला, कारण दुसऱ्या एका माणसाने स्वतःचे नाव पुढे केले. ‘मूकनायक’साठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले हे आम्ही सांगतो, ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला हेही सांगतो. भटकरांनी नाव दिले, हे मात्र क्वचितच सांगतो. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

टोपणनाव हे काही आमच्याच वाट्याला आलेले नाही. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख. तेही सरकारी चाकरीतले. मुन्शी प्रेमचंद हेही टोपणनावच. धनपतराय हे त्यांचे खरे नाव. शिक्षण खात्यात नोकरी करताना ते ‘नवाबराय’ नावाने लिहीत. ‘सोजे-वतन’ हा कथासंग्रह सरकारने जप्त केला तेव्हा ते नाव निकामी झाले आणि ‘प्रेमचंद’ जन्माला आले. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले तेव्हा सारा पांढरपेशा महाराष्ट्र ही विभावरी शिरूरकर कोण म्हणून शोधत फिरत होता. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. पांढरपेशा घरातल्या शिकलेल्या बाईलासुद्धा स्त्रियांच्या मनातले लिहायला पडदा घ्यावा लागला. त्या काळी आमच्या वस्तीतली बाई लिहू लागली असती तर तिला किती पडदे लागले असते?

मात्र येथेच एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ‘गोविंदाग्रज’ किंवा ‘कुसुमाग्रज’ ही नावे आवडीची नावे होती. ती नसती तरी गडकरी गडकरीच राहिले असते आणि शिरवाडकर शिरवाडकरच. त्यांच्या आडनावाने त्यांचे काही बिघडत नव्हते. आमचे आडनाव लेखाच्या आधी वाचले जाते. लेख नंतर, आणि तोही वाचलाच तर.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एकतिसावा श्लोक पाहा. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव किळस वाटेल असे असावे, असा तो नियम आहे. ज्याला शूद्रातही जागा नव्हती त्याच्या नावाची काय कथा! आमच्या आजोबा-पणजोबांची दगडू, धोंडू, कचरू ही नावे आठवा. मुले जगावीत म्हणून नजर लागू नये असे नाव ठेवण्याची रीत इतर समाजांतही होती, हे आम्हाला माहीत आहे. पण त्यांच्यात ते नवसाचे नाव असे आणि त्यातून सुटकाही असे. आमच्यात ते शाळेच्या पटावर, तलाठ्याच्या दप्तरात आणि सावकाराच्या वहीत कायमचे बसे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली तिच्यात हा श्लोकही जळाला, आणि पुढे धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा ही नावे आली. नाव स्वतःच्या मर्जीने निवडणे हा आमच्या मुक्तीच्या लढ्याचाच भाग आहे. दगडू मारुती पवार हे ‘दया पवार’ झाले आणि १९७८ मध्ये ‘बलुतं’ लिहिताना त्यांनी दगडूलाच बोलते केले. त्यांनी नवे नाव घेतले आणि जुन्यालाही पुरले नाही.

आम्ही ज्या शहरात राहतो त्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नावाचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या नावातले दोन शब्द मिळवण्यासाठी २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत या मराठवाड्याने काय भोगले, ते वाचकांना ठाऊक आहे. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, ती एका नावासाठी. पण याच शहरात नागसेनवन आहे आणि त्यात बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आहे. ज्या ग्रंथावरून ही नावे आली त्या ‘मिलिंदपञ्ह’मध्ये राजा मिलिंदाचा भन्तेंना पहिलाच प्रश्न नावाचा आहे. भन्ते नागसेन त्याला सांगतात की, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते व्यवहारापुरते नाव आहे, त्या नावामागे कोणी कायमचा ‘मी’ बसलेला नाही. मग रथाचे उदाहरण येते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जूही नव्हे, तरी आपण रथ म्हणतो. बौद्ध माणसाला टोपणनावाचे वावडे असण्याचे कारण नाही, असे आम्ही म्हणतो ते यामुळे. नाव हा व्यवहार आहे. त्या व्यवहाराला जन्माची चिकट खूण केली ती वर्णव्यवस्थेने.

ही खूण आजही किती चालते? याच मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेचे पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्यांनी ६६ आठवडे इंग्रजी दैनिकांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती पाहून ५४८ जागांसाठी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची जेवढी शक्यता होती, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश शक्यता दलित आडनावाला आणि सुमारे एक-तृतीयांश मुस्लिम नावाला मिळाली. समोर माणूस नव्हता, त्याचा चेहरा नव्हता, बोलणे नव्हते. फक्त कागदावरचे नाव होते. इंटरनेटवर लेखाच्या खाली तेवढेच तर असते!

म्हणून नाव झाकून लिहिणाऱ्याला आमचा विरोध नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. दुसरीने त्या फक्त पसंत केल्या. दोघींना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते कुप्रसिद्ध ६६-अ कलम श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, पण अटक व्हायची ती होऊन गेली होती. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून वाद झाला आणि नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या एका तरुणाचा खून झाला. अशा राज्यात एखाद्या खेड्यातली मुलगी गावच्या पाटलाविरुद्ध स्वतःच्या नावाने लिहीत नसेल तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार शहरात सुरक्षित बसलेल्या आम्हाला पोहोचत नाही.

येथपर्यंत टोपणनावाची बाजू झाली. आता दुसरी बाजू, जी आम्हाला जास्त अस्वस्थ करते.

काही काळापूर्वी एक तरुण आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. पदव्युत्तर शिक्षण झालेले, मराठी उत्तम, नोकरी नाही. एका कंपनीच्या संकेतस्थळासाठी तो लेख लिहून देत असे. शेती, आरोग्य, कर्जयोजना, स्पर्धा परीक्षा, जे मागतील ते. मोबदला शब्दांवर. लेख छापून येत ते एका चांगल्या ‘वजनदार’ ब्राह्मणी आडनावाने, सोबत कुठल्यातरी माणसाचा चष्मा लावलेला फोटो. त्याने विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, वाचकाला विश्वास वाटेल असे नाव लागते, तुमच्या आडनावाने लेख चालणार नाही. तीन वर्षे त्याने असे लिहिले. पुढे एका चांगल्या नोकरीच्या मुलाखतीत त्याने हे लेख माझे आहेत असे सांगितले, तर समोरच्याने पुरावा मागितला. त्याच्याकडे ना करार होता, ना पत्र, ना पावती. लेख शेकडो आणि लेखक म्हणून तो शून्य.

याला टोपणनाव म्हणायचे काय? मुळीच नाही. टोपणनाव लेखक स्वतःसाठी घेतो. येथे बाजाराने त्याचे नाव काढून घेतले आणि त्याच्या बुद्धीवर दुसऱ्याच्या जातीचा शिक्का मारला. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव आम्ही सगळे घेतो. भाड्याची खोली मिळावी म्हणून जात चोरावी लागण्याचा अनुभव खुद्द बागुलांनी सुरतेत रेल्वेच्या नोकरीत घेतला होता. तेव्हा खोलीसाठी चोरावी लागे, आज लेख खपण्यासाठी चोरावी लागते. तेव्हा घरमालक विचारत होता, आज मार्केटिंगवाला विचारतो. दिल्लीच्या इंग्रजी पत्रकारितेत वर्षानुवर्षे जात लपवून वावरलेल्या याशिका दत्त यांनी जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर स्वतःची ओळख उघड केली आणि २०१९ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. लपवण्याचा ताण किती असतो, हे त्यातून कळते. शिकलेली, शहरातली, इंग्रजीत लिहिणारी माणसेही त्यातून सुटत नाहीत.

आमच्यातही एक वर्ग आहे जो हे खुशीने करतो. लेख जास्त लोकांनी वाचावा, जाहिरात मिळावी म्हणून स्वतःहून जोशी-कुलकर्णी होतो आणि त्याला ‘ब्रँडिंग’ म्हणतो. त्याच्या पोटाचा प्रश्न आम्हाला समजतो. पण अशा प्रत्येक लेखाने वाचकाची एक समजूत पक्की होते की, शहाणपणाचे लिहिणारे ठरावीक आडनावाचेच असतात. चोखोबांनी सातशे वर्षांपूर्वी अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव घातले, सोयराबाईंनी तर नावाऐवजी चोखोबाची महारी अशी जातीसकट ओळख घातली. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतोच. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही त्यांनी ओळीत नाव कोरून ठेवले, आणि त्यांचे वारस संगणकावर बसून दुसऱ्याचे आडनाव टंकतात, हे आम्हाला पटत नाही. नाव झाकायचे तर ‘नागवंशी’ व्हा, ‘वेरूळकर’ व्हा, नुसते ‘अ’ व्हा. ज्या आडनावाच्या दहशतीने तुम्हाला नाव झाकावे लागले तेच आडनाव पांघरू नका.

आता कायद्याचे थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या मुलांचे नुकसान अज्ञानातून जास्त होते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो टोपणनाव मान्य करतो. लेखकाच्या नावाने छापलेल्या साहित्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला तो या हिशेबाने. टोपणनावाच्या लेखनाची ६० वर्षे मात्र कलम २३ प्रमाणे पहिल्या प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जातात. त्या मुदतीत लेखकाची खरी ओळख जाहीर झाली तर गणती पुन्हा मृत्यूपासून होते. म्हणजे आज विशीत टोपणनावाने लिहिणारी मुलगी पुढे सुरक्षित झाल्यावर ओळख उघड करून स्वतःच्या नातवंडांसाठी हक्क वाढवू शकते. यासाठी तिच्याकडे पुरावा मात्र हवा.

आणि पुरावा हवाच, कारण कलम ५५ प्रमाणे छापील प्रतीवर ज्याचे नाव आहे तोच लेखक, असे हक्कभंगाच्या दाव्यात न्यायालय धरून चालते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. आमच्या त्या तरुणाची गोची नेमकी हीच होती. कंपनीत पगारी नोकर म्हणून लिहिले असेल तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा होतो, हे कलम १७ चे म्हणणे. पण सुटे लेख लिहून देणारा हा नोकर नाही. त्याने कलम १९ प्रमाणे लेखी सही करून हक्क दिला नसेल तर हक्क त्याचाच राहतो, नुसते पैसे घेतले म्हणून जात नाही. लेखी दिला आणि मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरताच धरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ५७. हक्क विकला तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. म्हणून मसुदे तारखेसह जपा, लेख स्वतःच्या ईमेलवरून पाठवा, मोबदला स्वतःच्या बँक खात्यात घ्या. टोपणनाव लेखावर असते, बँकेत आणि आयकरात ते चालत नाही, आणि हेच पुढे तुमच्या बाजूचे साक्षीदार ठरते. लेखांची एक प्रत घरी ठेवा. फेसबुक तर रोजच्या व्यवहारातले नावच लावा असा नियम सांगते. विरोधकांनी ठरवून तक्रारी केल्या की टोपणनावाचे खाते बंद होते आणि त्यासोबत वर्षांचे लेखन जाते.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांतील लेखन १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपात आणले. सात दशकांनी ते वाचकांपुढे आले, कारण कोणीतरी ते अंक जपून ठेवले होते. मोबाइलमधला लेख कोण जपणार आहे?

सरकारी नोकरीतल्या बांधवांसाठी एक इशारा. आमच्या चळवळीचा कणा शिक्षक, लिपिक, बँकवाले, अधिकारी यांचा आहे आणि यांच्यातच टोपणनावाची ओढ जास्त. त्यांना वाटते की नाव बदलले म्हणजे नियम लागत नाही. हा गैरसमज आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नववा नियम शासनाच्या धोरणावरील प्रतिकूल टीकेला मनाई करताना स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने असे चारही दरवाजे शब्द घालून बंद करतो. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांचा साचाही तोच आहे आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांबाबत नव्याने सूचना काढून पेच आवळला आहे. साहित्य, कला, विज्ञान यांवरील लेखनाला सर्वसाधारणपणे मोकळीक आहे. कथा लिहा, कविता लिहा, धम्मावर लिहा. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका कर्मचारी भगिनीच्या प्रकरणात सांगितले की, सरकारी नोकर झाला म्हणून माणूस भाषणस्वातंत्र्य गमावत नाही. हा निकाल लढायला उपयोगी आहे, पण निलंबन आधी होते आणि निकाल नंतर लागतो, हे आम्ही रोज पाहतो.

आमच्या स्वतःच्या व्यवसायाबद्दलही बोलले पाहिजे. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा ३६ वा नियम आहे. आता काही वकीलमित्र दुसऱ्याच्या नावाने लेख लिहितात आणि त्यात ‘नामवंत विधिज्ञ’ म्हणून स्वतःचेच गुणगान करतात. पडद्यामागे बसून स्वतःवर फुले उधळायची ही कला आमच्या चळवळीतल्या काही नेत्यांनाही अवगत आहे. त्याला टोपणनावाचे स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

याहून वाईट प्रकार आहे तो बनावट नावांचा. निवडणूक जवळ आली की निळ्या झेंड्याचे चित्र आणि एखादे बौद्ध नाव लावलेली खाती उगवतात. आज या गटाच्या नेत्याला शिवी, उद्या त्या गटाच्या, परवा मातंग-बौद्ध असे भांडण. लिहिणारा आमचा आहे की आमच्यात आग लावण्यासाठी बसवलेला, याचा पत्ता नाही. आमची माणसे न तपासता ते पुढे पाठवतात. टोपणनाव आणि बनावट नाव यांतला फरक साधा आहे. टोपणनावाचा माणूस स्वतःचा विचार स्वतःच्या जबाबदारीवर मांडतो, फक्त पाटी बदलतो. बनावट नावाचा माणूस दुसराच कोणी असल्याचे भासवून फसवतो. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड खाली गुन्हा आहे. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये वाढीव शिक्षा आहे. महापुरुषांची लेखी विटंबना आणि जातीय द्वेष पसरवणे यांसाठी अॅट्रॉसिटी कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत, आणि इंटरनेटवरची जातिवाचक शिवीगाळ ही सार्वजनिक ठिकाणची शिवीगाळ ठरू शकते, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तेव्हा शिवीगाळ करणाऱ्याला टोपणनाव वाचवत नाही. तपासात कंपनीकडून माहिती निघते. आणि हे आपल्या बाजूने तोंडसुख घेणाऱ्या पोरांनाही तितकेच लागू आहे.

मग चळवळीने करायचे काय? पहिली गोष्ट, टोपणनावाने लिहिणाऱ्याची ओळख आपल्यातल्याच कोणी चव्हाट्यावर आणू नये. गटबाजीच्या भांडणात ‘हा अमुक कार्यालयातला तमुक’ असे जाहीर करून सहकाऱ्याच्या नोकरीवर टाच आणल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. विरोधकाला जे शोधायला महिने लागले असते ते आमच्याच माणसाने एका रात्रीत दिले. ज्येष्ठांनी टाळ्यांची भाषणे द्यायचीच असतील तर या प्रकाराविरुद्ध द्यावीत.

दुसरी गोष्ट संपादकांची. भटकरांनी १९२० मध्ये जे केले ते आज कोण करणार? १८६७ चा कायदा गेला, त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला, पण कोणीतरी नाव द्यायचे आणि जबाबदारी घ्यायची हे बदललेले नाही. आमच्या दैनिकांनी आणि मासिकांनी टोपणनावाच्या लेखकांची एक नोंदवही ठेवावी. खरे नाव, टोपणनाव, लेखाची तारीख, लेखकाची सही. ती बंद पाकिटात संपादकाच्या कुलपात राहावी आणि लेखकाच्या लेखी संमतीशिवाय, किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय, कोणालाही दाखवू नये. याला खर्च शे-दोनशे रुपयांचा आहे. उद्या त्या मुलीने ‘हे मी लिहिले’ म्हटले तर तिच्यामागे कागद उभा राहील. आणि लेखावरून खटला झाला तर संपादकाने लेखकाचे नाव पोलिसांच्या पहिल्याच फोनला सांगून मोकळे होऊ नये, लेखी आदेश मागावा.

सुटे लेख लिहून देणाऱ्यांसाठी दोन पानी मराठी करारनाम्याचा मसुदा आम्ही काही वकीलमित्रांनी मिळून तयार केला आहे. त्यात मोबदला, मुदत, कोणत्या नावाने छापणार आणि लेखकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या व्यक्तीचे नाव लावणार नाही, अशी कलमे आहेत. तो विनामूल्य आहे. ३६ व्या नियमाचा मान राखून आम्ही येथे स्वतःचा पत्ता देत नाही. औरंगाबाद खंडपीठात किंवा आपल्या तालुक्याच्या कोर्टात चळवळीतला जो वकील भेटेल त्याच्याकडे मागावा. त्याच्याकडे नसेल तर त्याने आमच्याकडून घेऊन जावा.